टोळीची वही

प्रिय कल्याण,

हे पत्र तुमच्या पाथर्डी आगाराच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. पोस्टाने रविवारच्या आत पोचायचं नाही, आणि फोनवर मला हे बोलता येत नाही. काल तू इतकं बोलत होतास, मी दोनदा तोंड उघडलं आणि नुसतं हूं हूं केलं. मावशींना, तुझ्या म्हाताऱ्या आईला, रविवारी इकडे यायला गाडीत बसवण्याआधी हे शेवटपर्यंत वाच. मध्येच राग आला तरी वाच. सहादेवतात्यांच्या वहीबद्दल आहे.

तात्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि तू ती वही घेऊन आमच्या वाचनालयात आलास, त्याला बारा वर्षं होतील. लाल फडक्यात बांधलेली, जाड पुठ्ठ्याची. दसऱ्याला ऊसतोडीला निघण्याआधी तात्या तिला हळदकुंकू वाहायचे, हे तूच सांगितलंस. टोळी कुठल्या गावाला उतरली, पाचटाच्या कोपीत कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचा बैल कुठल्या रस्त्याला बसला, असं चौथी शिकलेल्या माणसाने चाळीस हंगाम लिहून ठेवलं होतं. तू म्हणालास, घरी उंदरं खातील, आणि मला ती उघडवत नाही. मी तिला दाखल क्रमांक दिला. मला अभिमान वाटला होता, खोटं सांगत नाही. शाळेत तू दिवाळीनंतर यायचास आणि पाडव्याला जायचास. माझ्या पोत्यावरची तुझी अर्धी जागा चैत्रात रिकामी व्हायची, तरी मी पसरून बसायचो नाही. आता तुझ्या घरातलं काहीतरी वर्षभर माझ्याजवळ राहणार, असं मनात आलं होतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत गावाच्या इतिहासाचं दालन आहे, ते तू पाहिलंयस. काचेच्या कपाटात मोडीतले कागद, जुनी मापं, चावडीची घंटा, पहिली एस.टी. गावात आली तेव्हाचा फोटो. त्यातच मधल्या फळीवर मी वही ठेवली होती. पुढच्याच महिन्यात आमच्या संचालक मंडळातल्या एकाने ती पाहिली. हसतच म्हणाला, मच्छिंद्र, हे गावाचं दालन आहे का ऊसतोडवाल्यांचं? आज ही वही, उद्या कोयतं आणून टांगशील. बाकीचेही हसले. मीही हसलो, कल्याण. आणि सगळे गेल्यावर वही काढून पलीकडच्या लाकडी कपाटात, जीर्ण पोथ्यांच्या मागे ठेवली. मनाची समजूत घातली की देवाच्या पुस्तकांत आहे, मानानेच आहे. दर दसऱ्याला सरस्वतीपूजनाच्या वेळी त्या कपाटालाही फूल वाहायचो. वही कधी उघडली नाही. बारा वर्षं ग्रंथपाल म्हणवून घेतो, आणि मित्राच्या बापाने लिहिलेलं एक पान वाचलं नाही.

अधिक श्रावण होता त्या वर्षी तपासणी लागली. जीर्ण पुस्तकं निकालात काढायची होती. कादंबऱ्या, जुनी मासिकं रद्दीत गेली. पण पोथी रद्दीत द्यायची नाही, ही आमच्या आजोबांपासूनची शिकवण. फाटकी पोथी फडक्यात बांधायची, तुळशीचं पान ठेवायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायची. भंडारदऱ्याचं पाणी सुटलं होतं, प्रवरा दोन्ही थड्या धरून चालली होती. मी लाकडी कपाटातलं सगळं धोतरात बांधलं, सायकलच्या कॅरिअरला लावलं आणि कोल्हारला गेलो. घाटावर एकेक पोथी कपाळाला लावून सोडली. लाल फडकंही हातात आलं होतं, ते मला नीट आठवतं. फडक्यावर कुंकवाचे डाग होते. गाठ सोडून पाहावं असं मनात आलं नाही. उलट तेच मी जास्त वेळ कपाळाला धरलं.

दिवाळीनंतर मोजदाद करताना तुझ्या वहीचा क्रमांक आला, तेव्हा कुठे हात थांबला. दोन दिवस कपाटं खालीवर केली. मग तिसऱ्या दिवशी नोंदवहीत त्या क्रमांकापुढे लिहिलं, ‘वाळवीने नष्ट’. सही केली. त्या कपाटाला वाळवी कधी लागलीच नाही. संध्याकाळी देवापुढे बसलो, पण नाम ओठांवर येईना. त्या दिवसापासून कोल्हारच्या पुलावरून जाताना मी खाली नदीकडे पाहत नाही.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून दिवस निघत गेले. आणि मग गेल्या महिन्यात मावशी आल्या. बायकांचा टेम्पो शिर्डीला निघाला होता, ड्रायव्हरला थांबवून त्या वाचनालयाची पायरी चढल्या. मोतीबिंदूमुळे मला आवाजावरूनच ओळखलं. पाणी प्यायल्या, तुझ्या पोरांचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. मग पदर सावरून हळूच म्हणाल्या, “मच्छिंद्रा, त्या वहीत माझी बाय हाय. तेवढंच पान वाचून दाव.”

तुझ्या आधीची मुलगी. हे त्यांनी तुला आता सांगितलंय, पण ऐकणारा पहिला मी होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा हंगाम. कोपीत जन्मली, नऊ दिवस राहिली. मावशी बाळंतीण, अंगात ताप; टोळी सारखी गाव बदलत होती, तेव्हा कोपी कुठल्या शिवारात होती हेही त्यांना आता सांगता येत नाही. पुरुषमाणसं तिला घेऊन गेली आणि मोकळ्या हातांनी आली. कुठे ठेवली म्हणून विचारलं की तात्या म्हणायचे, वहीत लिहिलंय. पुन्हा विचारलं की उठून जायचे. मावशींना वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणं तात्यांच्या देखत त्यांना जमलं नाही.

त्या वेळी मला एकच वाक्य बोलायचं होतं. मावशी, वही माझ्या हातून गेली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. मी आतल्या खोलीत गेलो, भजनी मंडळाची वही उचलली, समोर येऊन बसलो आणि वाचायला लागलो. होय, वाचायला लागलो. टोळी आपल्या गावच्या शिवारात उतरली. मुलगी झाली. नवव्या दिवशी गेली. ओढ्याच्या काठी, चिंचेखाली ठेवली. खिडकीतून मला ती चिंच दिसत होती, म्हणून चिंच. मावशींनी विचारलं, “डोस्कं कुनीकडं केलं हुतं?” मी म्हणालो, उगवतीला. त्यांनी माझ्या हातातून ती भजनाची वही घेतली आणि दोन्ही डोळ्यांना लावली. मग म्हणाल्या, “लिवलं हुतं बग त्येनी. मी उगंच बोल लावला.” इतकी वर्षं नवऱ्यावर धरलेला राग त्यांनी माझ्यासमोर सोडून दिला, आणि तोही माझ्या खोट्यावर. टेम्पोत चढताना मी हात दिला, तर माझ्याच तोंडावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

त्यानंतर मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरलो. वाटलं, देवाने माझी लाज राखली असेल, चिंच खरीच निघेल. शेवटी बायडाबाईकडे गेलो. तिच्या सासऱ्याच्या रानात तेव्हा टोळ्या उतरायच्या. ती म्हणाली, त्या साली आपल्या शिवारात टोळी आलीच नाही, सगळ्या नदीपलीकडे होत्या. पलीकडे कुठे, ते तिला ठाऊक नाही. मग म्हणाली, “आता इचारत फिरतोस व्हय? तवा तर आमी त्यांना हिरीवर पानी बी भरू दिलं न्हाई. कुनाचं काय मेलं, कुनाला ठावं.” मी उठून आलो. दालनाची काच पुसली, नुसतीच पुसत बसलो.

आणि काल तुझा फोन. पन्नाशीत कळलं की मला थोरली बहीण होती, म्हणालास, आणि ते तुझ्यामुळे, तुझे उपकार. मावशींनी डोळ्यांना दिसत नसताना हाताने झबलं-टोपडं शिवलंय, दोन हिरव्या बांगड्या आणल्यात, रविवारी चिंचेखाली ठेवायचंय, तू जरा जागा झाडून ठेव, असंही म्हणालास. ते झाडणं माझ्याने होणार नाही. त्या चिंचेखाली कुणी नाही, कल्याण. तुझी बहीण नदीपलीकडे कुठेतरी आहे, आणि कुठे ते सांगणारं एकुलतं एक पान मी नदीत सोडलं. मावशींना हे तू सांगू नकोस. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्या तुझ्या खांद्यावर रडतील आणि मला क्षमा करून टाकतील. मी शनिवारी पहिल्या गाडीने पाथर्डीला येतो. त्यांच्यासमोर बसून, भजनाची वही होती हे मीच सांगतो, आणि तात्यांनी खरंच लिहून ठेवलं होतं, हेही सांगतो, म्हणजे तो राग पुन्हा त्यांच्यावर जाणार नाही. मग त्या म्हणतील ते. तुला मला दारात उभं करायचं नसलं तर करू नकोस, मी स्टँडवर बसतो. फक्त त्यांना तिथवर घेऊन ये, आणि मी काय बोललो ते त्यांना नीट ऐकू आलं का, एवढं बघ.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
मच्छिंद्र