चौथ्यांदा श्वास रोखताना

प्रिय ठमे,

फोन सोडून हिला पत्राचं काय खूळ, म्हणशील. फोनवर मी हसून वेळ मारून नेली असती, म्हणून. मी घाबरलेय गं. तुझी धीट ताई चांगलीच टरकलीय.

आमच्या दवाखान्यात एमआरआयचं नवं यंत्र आलं. रुग्ण घ्यायच्या आधी चाचणीसाठी आमच्यापैकीच कोणीतरी आत झोपायचं, अशी रीत आहे. मीच हौसेनं पुढे झाले. काचेपलीकडे माझी जुनी सहकारी बसली होती, तीच, जिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही. पोटाची चित्रं काढताना तिनं श्वास रोखायला सांगितलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा परत तोच भाग. चौथ्यांदा सांगताना तिचा आवाज इतका मऊ झाला, की मी ओळखलं. बावीस वर्षं मी स्वतः हाच आवाज काढत आलेय. पडद्यावर नको ते दिसलं की तो आपोआप निघतो.

स्वादुपिंडात गाठ आहे, वाटाण्याएवढी. ना दुखलं ना खुपलं. डबा रोज चाटूनपुसून खात होते. डॉक्टर म्हणाले, साधीही असेल, तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तो शुक्रवारी काढणार आहेत. तोवर मी घरातलं एकूण एक कपाट आवरून काढलंय.

पण पत्र त्यासाठी नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कोणाला होतं का? सवयीनं तोंडातून निघालं, "कोणालाच नाही." आणि तिथेच मला रडू फुटलं. आई नुसत्या काविळीनं गेली नाही, ठमे. कावीळ झाली ती अशाच गाठीमुळे. तुझी बारावी तोंडावर होती, बाबांनी मला शपथ घातली, आणि मग वीस वर्षं सांगायचं राहूनच गेलं. दवाखान्याच्या प्रत्येक फॉर्मवर तू आईपुढे 'कावीळ' लिहायचीस आणि मी शेजारी बसून बघायचे. आधी आई, आता कदाचित मी, आणि तिसरी तू आहेस. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवलीय. माझ्याशी हवं तेवढं भांड, पण शुक्रवारची वाट न बघता तपासून घे. फक्त त्यासाठी आमच्या दवाखान्यात येऊ नकोस. काचेपलीकडे मी असले, तर माझा आवाज तुला लगेच कळेल.

तुझीच,
भित्री ताई