खोलीबाहेर गेलेली गोष्ट

प्रिय सानवी,

तू माझा फोन उचलत नाहीस त्याला सव्वा महिना झाला. बाबांशी बोलतेस, त्यावरून तुझी खुशाली कळते, म्हणून मी मध्ये बोलले नाही. पण आता लिहायलाच हवं. सातवीनंतर मी एवढं लांब काही लिहिलेलं नाही. चुका असतील त्या सोडून दे.

घरी सगळं ठीक. बाबा परवा बोटीवरून आले, उद्या परत जातील. या वर्षी बोंबील बरा मिळतोय, सुकवायच्या वलांड्या भरल्यात. माझ्या उजव्या खांद्याचं दुखणं आहे तसंच आहे. तू आणलेलं मलम संपलं.

झालं ते मी सरळ क्रमाने लिहिते, म्हणजे माझं कुठे चुकलं ते मलाही दिसेल. गेल्या वर्षी तू कॉलेजातल्या त्या ग्रुपला जायला लागलीस, तेव्हा मी हसले होते. दर बुधवारी दुपारी आठ पोरं-पोरी लायब्ररीच्या वरच्या खोलीत गोल बसतात, मॅडम असतात, आणि नुसतं बोलतात. मी म्हटलं, बोलायला एवढी फी भरून रत्नागिरीला कशाला जायला हवं, आमच्या नळावर रोज तेच चालतं. तू म्हणालीस, "आई, नळावरचं गावभर होतं. तिथलं तिथेच राहतं." मी ऐकलं आणि विसरले.

दिवाळीच्या सुट्टीत तू आलीस ती गप्प गप्प होतीस. तिसऱ्या दिवशी चकल्या पाडताना तुझा हात थांबला आणि तू सांगितलंस की तुझ्याबरोबर ग्रुपला येणारी आपल्या महिपतभावोजींची शमिका तिथे बोलली. तिला वर्षभर झोप नाही, जगावंसंच वाटत नाही, असं. मॅडम तिला डॉक्टरांकडेही घेऊन गेल्या, आता ती पूर्वीपेक्षा बरी आहे, हेही तू सांगितलंस. तुला ते एकटीला पेलत नव्हतं म्हणून तू आईजवळ बोललीस. शपथ घातलीस, कुणाला सांगू नकोस.

मी चार दिवस गप्प राहिले. मग वाटलं, माझी मुलगी असती तर मला कळायला नको का? म्हणून मी शमिकाच्या आईला, मैनावहिनीला, सांगितलं. कुठे सांगितलं, तर वलांडीपाशी, बोंबील टांगताना. पलीकडच्या ओळीत यमुनाबाई होती, ते मला दिसलं नाही. खरं लिहू? दिसलं होतं. मी आवाज खाली केला एवढंच. आठवड्याभरात बुरोंडीत आणि तिथून हर्णैच्या मासळीच्या लिलावात झालं की महिपतच्या पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, रत्नागिरीत वेड्यांच्या वर्गात बसवतात. महिपतभावोजी सकाळच्या एसटीने गेले आणि पेटीसकट तिला घेऊन आले. त्या संध्याकाळी तुझा शेवटचा फोन. "आई, मी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि तिने माझ्यावर." एवढं बोलून तू फोन ठेवलास.

पहिले पंधरा दिवस मी स्वतःला सांगत होते की मी वाईट काही केलं नाही. मग एक दिवस शमिकाला बघितलं. पडवीत बसून सुकट निवडत होती. मी हाक मारली तर वर बघितलं, ओळख दिली नाही. तिचा मोबाईल बापाने काढून घेतलेला आणि तिच्यासाठी हर्णैचं एक स्थळ बघताहेत, असं मैनावहिनी रडत म्हणाली. मी भावोजींशी बोलायला गेले तर त्यांनी मला उंबऱ्यातूनच परत पाठवलं.

त्यानंतर मी रत्नागिरीला आले होते. तुला माहीत नाही. तुझ्या मॅडमना भेटले आणि शमिकाची चौकशी केली. त्या म्हणाल्या, "इथे कोण येतं आणि कोण नाही, हेसुद्धा मी सांगू शकत नाही." मला राग आला. एवढ्या लांबून आले, गावची आहे, पोरीला अंगाखांद्यावर खेळवलंय, तरी ही बाई नाव घेत नाही! त्यांनी चहा मागवला. मग म्हणाल्या, कुणाच्या जिवाला धोका दिसला तर आम्ही घरी कळवतोच, डॉक्टरही गाठतो. बाकी जे माणूस बोलायला लागलंय, त्याला ऐकणाऱ्या माणसांजवळ राहू द्यावं. परतीच्या गाडीत पालीजवळ... नाही, पाली आपल्या रस्त्यावर लागतच नाही. बघ, मी एवढी गोंधळले होते की चुकीच्या गाडीत बसले आणि पालीला उतरून परत फिरले. तिथे स्टँडवर बसल्यावर डोक्यात उतरलं. त्या बाईने मला नावसुद्धा दिलं नाही, आणि मी सगळीच्या सगळी पोर वलांडीवर टांगली. रत्नागिरीला परत आल्यावर तुझ्या होस्टेलच्या फाटकापर्यंत आले होते. आत यायची हिंमत झाली नाही.

गेल्या गुरुवारी परत महिपतभावोजींकडे गेले. या वेळी न विचारता आत जाऊन बसले. ते म्हणाले, "वहिनी, पोर डोळ्यासमोर आहे ती बरी आहे." त्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून गेले नव्हते. तू तीन वर्षांची असताना तुझा भाऊ जन्मला आणि अकराव्या दिवशी गेला, एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. मी भावोजींना म्हटलं, तेव्हा आमच्या घरात सात माणसं होती. मी चोवीस तास त्यांच्या डोळ्यासमोर होते. आणि एका दुपारी भरतीच्या वेळी मी खाली समुद्राकाठच्या खडपावर गेले ती परत न येण्यासाठी. घरात कुणाला पत्ता नव्हता. जाळी शिवणाऱ्या काशीरामआजोबांनी वरून बघितलं. ते खाली आले, बाजूला बसले आणि जाळ्याचं, वाऱ्याचं काहीबाही बोलत राहिले, मी उठेपर्यंत. नंतर महिनाभर रोज दुपारी सुतळी गुंडाळायला म्हणून मला बोलावत. पंधराव्या-सोळाव्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, मरेपर्यंत. भावोजी, तुमच्या पोरीला बोलायला आठ माणसं मिळालीत, तिला तिथून ओढून आणू नका.

शमिका आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मी उठून घरी आले. मग काल ते स्वतः आले, पडवीत उभ्याउभ्याच म्हणाले, "सोमवारी तिला सोडायला जातोय. परीक्षेला बसता येईल म्हणतात." स्थळाचं काय, ते मी विचारलं नाही.

हे पत्र शमिकाच्या हातीच देतेय. तिची माफी मागितली. ती फक्त "बघू काकी" म्हणाली, आणि तिचं बरोबर आहे. खडपावरची गोष्ट आता तिला माहीत आहे, ती तुला कधी ना कधी कळणारच. ती तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, यासाठी मी हे लिहिलं. बाबांना अजून माहीत नाही. त्यांना आज जेवण झाल्यावर मीच सांगणार आहे. फोन तुला वाटेल तेव्हा कर. आणि बुधवारी तुला हे तिथे बोलावंसं वाटलं तर खुशाल बोल. गोष्ट माझी आहे आणि तुला माझी परवानगी आहे.

तुझीच,
आई