चुकीचा पंखा पाहिजे

५ जानेवारी

तंबू उभा राहिला! एकटीने उभा केला. तळघरात, वाफ घ्यायच्या खोलीच्या, सॉनाच्या दाराला लागून — दुसरीकडे जागाच नाही. घरात दिव्याखाली रोपं वाढवायचा तंबू: बाहेरून काळा, आतून आरशासारखा चकचकीत, कपड्यांच्या कपाटाएवढा. आमच्या लेकीने, सिल्वीने, नाताळला कॅल्गरीहून पाठवला होता. फोनवर बापाला म्हणाली, "आता रिकामाच आहेस तर घरात टोमॅटो पिकव." रोझेरने खोकं उघडलं नाही. त्यावर पाय ठेवून बसला.

खाणीने त्याला ऑक्टोबरात निरोप दिला. जन्मभर जमिनीखाली हवा पोचवायचं काम केलं. कुठल्या बोगद्यात वारा कमी आहे, कुठला पंखा आजारी आहे, सगळं नुसत्या कानाने ओळखायचा. आता ते काम दक्षिणेतला कुठलासा संगणक करतो म्हणे. तेव्हापासून खिडकीशी खुर्ची, बाहेर बर्फ, आणि तोंडात मिठाची गुळणी.

"जेवतोस ना?" — "हं."

"सूप खारट झालंय का?" — "हं."

सुपात मी मीठच घातलं नव्हतं.

८ जानेवारी

उणे चौतीस. गाडी कुरकुरत सुरू झाली. क्लिफर्डच्या दुकानात गेले. असल्या तंबूंचं सगळं सामान मिळणारं आमच्या टिमिन्स गावात हे एकच दुकान मला ठाऊक आहे. क्लिफर्ड लहानपणी मी चालवायचे त्या शाळेच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून सफरचंदं फेकायचा. आता टक्कल पडलंय, पण मला बघून अजून सरळ उभा राहतो.

"हेल्मीबाई! तुम्ही? इथे?"

"टोमॅटो लावायचेत."

"हो हो. टोमॅटो." डोळा मारला मेल्याने! "सगळे टोमॅटोच लावतात. सरकार चार रोपांपर्यंत काही बोलत नाही, घाबरू नका."

मी म्हटलं, टोमॅटोला कसली आलीय सरकारची परवानगी! तर म्हणाला, "बरोबर, असंच म्हणत राहा."

पंखा कुठला घ्यावा ते मला काय कळणार? सगळ्यात मोठा घेतला. लाल होता. दिवाही सगळ्यात मोठा — रस्त्यावर असतो तसला पिवळा. दिसायला भारदस्त.

९ जानेवारी

पंखा वर टांगला, हवा बाहेर ओढणारा. बटण दाबलं. विमान उडावं तसा आवाज झाला आणि तंबू आत ओढला गेला! चारही भिंती दिव्याला चिकटायला आल्या. कापड करपल्याचा वास सुटला. मी ओरडले की नाही आठवत नाही.

वर खुर्ची करकरली. जिन्यावर पावलं! रोझेरने येऊन पहिल्यांदा वायर खेचली. मग तंबूकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हा पंखा कुणी निवडला? गाढवाने?"

"मी."

"अगं, एवढ्याने खाणीच्या अख्ख्या पाळीला हवा पुरेल! कपाटाला कशाला हवा वादळवारा? आणि हा दिवा? सूर्य आणलास तळघरात?"

नाताळनंतर त्याच्या तोंडून एवढे शब्द एकदम आले नव्हते. गाढव म्हटल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता मला.

११ जानेवारी

दोघं दुकानात गेलो. दोघं! रोझेर प्रत्येक पंख्याला कान लावून ऐकत होता. डॉक्टर छाती तपासतात तसा. "याचं बेअरिंग वर्षभरात रडेल." "हा खोटारडा आहे, डब्यावर लिहिलंय तेवढी हवा ओढायचा नाही." क्लिफर्ड मागे मागे, हातात कागद-पेन्सिल.

मधल्या आकाराचा घेतला, वेग कमीजास्त करता येणारा. दिवा पांढरा एलईडी, जेमतेम कोमट होणारा. वासाची गाळणी नको म्हणाला. क्लिफर्ड कासावीस झाला — "दादा, वास शेजाऱ्यांकडे जाईल!" रोझेर म्हणाला, "टोमॅटोचा वास जाऊ दे की." क्लिफर्डने त्याला कडकडून शेकहँड केला. गांजा लावून इतकं पक्कं खोटं बोलणारा माणूस त्याने पाहिला नव्हता बहुतेक.

१५ जानेवारी

सगळं बसवलं. हवा खालून आत, वरून बाहेर, कपडे वाळवायच्या यंत्राच्या भोकातून अंगणात. बी पेरलं. पंखा मांजरासारखा गुरगुरतोय.

रोझेर परत खुर्चीत.

"चहा?" — "हं."

१६ जानेवारी

रात्रभर विचार केला. त्याला टोमॅटोचं काही पडलेलं नाही. चुकीचं पडलेलं आहे.

१८ जानेवारी

क्लिफर्डला म्हटलं, चुकीचं सामान दे. त्याला वाटलं ऐकण्यात काहीतरी गडबड झाली.

"म्हणजे स्वस्तातलं?"

"स्वस्त नको. चुकीचं. पण अगदी ढोबळ नको. मी शहाणपणाने घेतलंय असं वाटलं पाहिजे, आणि माहितगाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली पाहिजे."

त्याने टकलावरून हात फिरवला. मग म्हणाला, हेल्मीबाई, दुकानात यायच्या आधी तुम्ही थोडं ओढून बघता का, मालाची परीक्षा म्हणून? — कान उपटायची इच्छा झाली. पण हवेवरचं पुस्तक दिलं त्याने. वाचतेय. नीट चुकायचं तर आधी बरोबर काय ते यायला पाहिजे!

२४ जानेवारी

चूक दुसरी. हवेची नळी ताणून सरळ ठेवायची असते. मी हातभर लांबीच्या जागी खोलीभर नळी आणली आणि नूडल्ससारखी गुंडाळून ठेवली. पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकायला लागला. त्याने वरूनच ऐकलं!

"वळणावळणाला हवा मरते, हेल्मी! बस चालवलीस ना? अशा वळणांचा रस्ता असता तर शाळेत पोरं कधी पोचली असती?"

उदाहरण मला पटलं. पटलं नाहीसं दाखवलं.

३० जानेवारी

चूक तिसरी — हवा आत यायचं भोक आणि बाहेर जायचं भोक, दोन्ही वरच्या एकाच कोपऱ्यात. पुस्तकात त्याला फार मोठं पाप म्हटलंय. हवा आली तशीच परत जाते, रोपांना ओळखही देत नाही.

रोझेरने काडी पेटवून विझवली, धूर कुठे जातो ते बघितलं. मग कपाळावर हात मारला. मग तासभर बोलला! फ्रेंचमध्ये शिव्या, बाकीचं इंग्रजीत. मी जिन्यावर बसून मोजे विणत ऐकलं. बोगदे, पडदे, दारं, एकदा हवा फिरली तेव्हा बिआँव्ह्यू नावाचा माणूस कसा वाचला — हे त्याने मला लग्नाच्या इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

२ फेब्रुवारी

तळघराच्या भिंतीवर फळी ठोकलीय. एका बाजूला लिहिलंय 'आत', दुसरीकडे 'बाहेर'. दोन पितळी बिल्ले. त्याचा खाणीतला जुना, माझा नवा, स्वतः ठोकून नाव कोरलेला.

"तंबूत जाताना बिल्ला 'आत'ला लावायचा. निघताना 'बाहेर'."

"अरे, कपाटाएवढा तंबू! मी आत आहे की नाही हे दिसेल की!"

"खाली गेलेला प्रत्येक जण असंच म्हणतो. आग लागली तर मी कुणाला शोधू?"

आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला कधी हात लावायचा नाही. स्वतःचा स्वतःच लावायचा. हे मात्र त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी हसले नाही. खाणीत यावरून माणसाला घरी पाठवतात म्हणे.

५ फेब्रुवारी

पाणी घालायला आत गेले, बिल्ला विसरले. बाहेर काढलं मला! पाणी अर्धवट. "पुन्हा नीट ये."

९ फेब्रुवारी

शेजारच्या ऑर्व्हिलला तळघराच्या खिडकीतून उजेड दिसलाय. दारात उभा, टोपी हातात. "कुणाला सांगणार नाही. पण माझा गुडघा... थोडंसं मिळालं तर..."

टोमॅटोच आहेत, असं मी सांगणार होते. रोझेर आधीच खाली गेला आणि टोमॅटोची खुडलेली पानं पाकिटात घालून घेऊन आला. चेहरा प्रेतयात्रेत असतो तसा. "ओढायचं नाही, खायचं नाही. चोळायचं. आणि आमचं नाव घ्यायचं नाही."

तो गेल्यावर मी रोझेरकडे बघितलं. तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही! हा माणूस इतकं छान खोटं वागू शकतो हे मला माहीत नव्हतं.

११ फेब्रुवारी

ऑर्व्हिल आला होता. गुडघा निम्मा बरा आहे. आणखी हवंय.

१५ फेब्रुवारी

चूक चौथी जड गेली. दिवा मुद्दाम फार उंच टांगला. रोपं उजेडासाठी मान लांब करून करून काडीसारखी झाली. त्यांचा काय दोष? गुपचूप क्षमा मागितली. रोझेरने दिवा खाली घेतला, पानांच्या उंचीवर तळहात धरला. "हाताला चटका बसला तर पानालाही बसतो." माझाही हात धरून तिथे नेला. बराच वेळ धरून ठेवला. दिवा फारसा गरम नव्हताच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अरे देवा! शनिवारची सॉना पेटवली. माझ्या फिनिश आजीपासून शनिवार चुकलेला नाही आमचा. तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, छान वाफ झाली, डोळे मिटून बसले. पण वाफ अंगाला लागेना. पुन्हा ओतलं. पुन्हा नाही. वाफ जाते कुठे?

तंबूत! हवा आत घ्यायचं भोक सॉनाच्या दारासमोर, आणि दाराची फट मी बुजवली नव्हती. बादलीभर वाफ पंख्याने ओढून टोमॅटोंना दिली. सगळी रोपं माना टाकून बसलेली. मी टॉवेल गुंडाळून केविलवाणी उभी.

रोझेर आला. बघितलं. आणि हसला! पोट धरून, भिंतीला टेकून, खोकला येईपर्यंत. "टोमॅटोंना अंघोळ! फिनलंडचे टोमॅटो!" डोळे पुसत म्हणाला, "ही चूक मात्र खरी आहे."

ही मात्र म्हणजे काय?

२ मार्च

रोपं सावरली. रोझेर म्हणतो, शनिवारी सॉना पेटली की हवेचं भोक बंद. बिल्ल्यांच्या फळीवर लिहिलंय.

११ मार्च

फुलं आली! पिवळी, इवलीशी. घरात वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून फुलं हलवावी लागतात. रोझेर माझ्या विजेच्या टूथब्रशने हलवतो. मी सकाळी तोच तोंडात घातला. आता दोन ब्रश.

१५ मार्च

आता सगळं बरोबर आहे. फार बरोबर. त्याने नळीवर बाण रंगवले, पंख्याच्या चकतीवर खूण केली, दिव्याच्या दोरीला गाठ मारली. चूक करायला मला जागाच ठेवली नाही. पुस्तक दोनदा चाळलं. क्लिफर्डला फोन केला. तोही हरला — "हेल्मीबाई, तुमच्या नवऱ्याइतकं कडेकोट काम मी बघितलं नाही. खरं सांगा, माल कसा आहे?"

१७ मार्च

रोझेर खुर्चीत.

"मासे तळू की उकडू?" — "हं."

१८ मार्च

"हं."

१९ मार्च

बर्फ पडतोय, मार्चमध्येही. तळघराच्या जिन्यावर बसून रडले. मला टोमॅटो नकोत. मला तो वरून ओरडत यायला हवा आहे. पंखा किती छान, किती शांत गुरगुरतो — त्या मेल्या पंख्याचा आज राग आला. बाराच्या सुमारास वर गेले, सूप वाढलं. माझे डोळे लाल होते. त्याने पाहिलं. चमचा खाली ठेवला, उचलला, परत ठेवला.

२० मार्च

सकाळी खाली गेले. तंबू पावासारखा टम्म फुगलेला! पंखा उलटा बसवलाय — हवा बाहेर काढण्याऐवजी आत कोंबतोय. रंगवलेला बाण छताकडे बोट दाखवतोय. मी हातसुद्धा लावलेला नाही.

फळीवर माझा बिल्ला 'आत'ला लावून ठेवलेला. त्याचा त्याच्या शेजारी.

वरून आवाज आला, "हेल्मी! अगं, बघतेस काय? ओरड की काहीतरी!"