पेपरातली बाई

१४ नोव्हेंबर १९७९
नागपूर आवडलं. स्टेशनापासून सक्करदऱ्यापर्यंत सायकलरिक्षावाला अखंड बोलत होता आणि मला निम्मंच कळत होतं. इथे ‘मला’ नाही, ‘मले’. वाईला जाऊन सांगितलं तर आई हसत सुटेल. खोली लहान आहे, पण खिडकीतून तलावावरचा वारा येतो. घरमालक चंपतराव हिंगण्याच्या कारखान्यात फिटर आहेत. मी महापालिकेच्या दवाखान्यात मुलांना लस टोचायला आले आहे हे कळल्यावर त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी आधी पाटोडीचा रस्सा वाढला, मग नात पुढे केली. गोपिका, चार वर्षांची. माझं बोट धरलं ते झोपेपर्यंत सोडलं नाही.

१९ नोव्हेंबर
बायका मुलांना घेऊन लसीला आपणहून येतात. एवढं सोपं काम कुठे मिळणार? संध्याकाळी कंपनीची बस चंपतरावांना नाक्यावर सोडते, काखेत संध्याकाळचा पेपर असतो. गल्लीत बऱ्याच जणांना वाचता येत नाही, म्हणून ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचतात. आवाज शांत, ठाम, रेडिओवरच्या बातम्यांसारखा. आज आतल्या पानावर चार ओळी होत्या, शहरात मुलं पळवणारी बाई फिरत असल्याची चर्चा आहे म्हणून. कुणी लक्ष दिलं नाही. विषय लगेच कुणाच्या तरी लग्नावर गेला.

२४ नोव्हेंबर
ती बाई पहिल्या पानावर आली. पांढरं पातळ, हनुवटीवर तीळ. तिने एक मूल पळवलं असंही छापलं होतं. ते मूल मावशीकडे सापडल्याचं त्याच्या आईनेच मला दवाखान्यात सांगितलं होतं. मी ते ओट्यावर सांगून टाकलं. चंपतरावांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “असं असतं त पेपरात आलं नसतं का जी?” सगळ्यांनी माना डोलावल्या. गंमत वाटली. जरा रागही आला.

२९ नोव्हेंबर
रोज काहीतरी नवं येतं. काल तिच्या हातात पिशवी आली. आज कळलं की तिने बोलावलं की मुलं आवाज न करता तिच्यामागे चालू लागतात. मुलांचं बाहेर खेळणं बंद झालं आहे. गल्ली दिवसभर संध्याकाळची वाट पाहते. मीसुद्धा. वाचन चुकू नये म्हणून दवाखान्यातून भराभर निघते. रस्त्यात दिसेल त्या बाईची हनुवटी बघायची सवय लागली आहे.

३ डिसेंबर
जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भीमाबाईला दुपारी शाळेजवळ लोकांनी धरलं. मी तिथून येत होते. चंपतरावांच्या शेजारचे रुपराव म्हणाले, बाई शिकलेल्या आहेत, त्यांना विचारा. हिला इथे आधी पाहिलं होतं का? मी हो म्हटलं. पाहिलंच होतं. परवा, शाळेच्या मागच्या भिंतीशी, वाकून एका मुलीशी बोलताना. पांढरं पातळ, हनुवटीवर तीळ.
मग त्यांनी तिला मारलं. पोलीस आले तेव्हा तिला उठता येत नव्हतं.

४ डिसेंबर
तिला आमच्याच दवाखान्यात आणलं होतं. जखमा मी धुतल्या. हनुवटीवर तीळ नाही. पातळ हिरवं आहे. ती म्हणाली, “मी त तुमाले कधी पाह्यलंच नाही, बाई. तुमी काहून हो म्हटलं?”
पण एक तारखेला मी दिवसभर कळमेश्वरच्या लसीकरण शिबिरात होते. शाळेमागे गेलेच नव्हते.
तरी ती मला दिसते. भिंतीशी वाकलेली. तीळसुद्धा.

५ डिसेंबर
पोलिसांना जाऊन सांगितलं, माझी चूक झाली, ती ही नव्हे. ओट्यावरही सांगितलं. मग चंपतरावांनी पेपर उघडला. पकडलेली बाई नुसती साथीदार होती. खरी अजून मोकळी आहे. शिकलेली, परगावची, सुया जवळ बाळगणारी. वाचता वाचता चंपतराव थांबले आणि त्यांनी मान वर केली. मग सगळ्यांनीच.

७ डिसेंबर
लसीला कुणीही नाही. गोपिका माझ्याकडे धावली, सुभद्राबाईंनी दंड धरून तिला आत ओढलं. विचारलं, माझ्यावरही संशय येतो का तुम्हाला? खाली बघत म्हणाल्या, “मी कुठं काही म्हणून राहिली? पेपरात हाये.”

८ डिसेंबर
आजच्या पेपरात — ती मुलांच्या दंडावर खूण करून ठेवते.
प्रत्येक दारात एकेक आई, मुलाची बाही वर केलेली. टोचल्याचे व्रण बघत होत्या.
सोमवारच्या गाडीने निघणार. नोकरी गेली तरी चालेल.
आरशात हनुवटी पाहिली. दोनदा पुसली.

१० डिसेंबर
ट्रंक भरून झाली. रिक्षा सांगितली होती, आली नाही.
कंपनीची बस येऊन गेली. ओट्यावर खूप माणसं आहेत. वाचनाचा आवाज मात्र नाही. सुभद्राबाई रडतायत. गोपिका दुपारपासून सापडत नाही.
कडी लावली. ट्रंक ओढायला वाकले — खाटेखाली गोपिका. झोपलेली. अंगावर माझी शाल.
स्वतःच आली असेल. माझ्याकडे यायला देत नाहीत म्हणून लपली असेल. हो. तसंच.
पण मला दिसतंय — दुपार — शाळेची मागची भिंत — मी वाकलेय — आणि ती आवाज न करता माझ्यामागे —
नाही. ते पेपरातलं आहे. मी दुपारी इथेच होते. इथेच होते ना?
लिहून ठेवते. लिहिलेलं असलं की लोक मानतात.
दार वाजतंय. चंपतराव म्हणतायत, बाई, दार उघडा. आवाज वाचतानाचाच. शांत.
उघडते. पोरीला त्यांच्या हातात देते, सांगते की —
गोपिका जागी झाली. विचारते, “बाई, आपली गाडी आली का?”
मी तिला गाडीचं कधी सांगितलंच नव्ह