शेपटी एकाची, धड दुसऱ्याचं

दि. ४ मार्च

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. तू माझ्यावर अजून रागावलेली आहेस हे धरूनच लिहायला बसलोय. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जास्त. भावोजींना नमस्कार सांग. फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

आमच्या हेलिकॉप्टर दलाचा वर्धापनदिन जवळ आलाय आणि कमांडरसाहेबांनी दोन कामं माझ्या गळ्यात मारलीत. पहिलं, दलाचा इतिहास एका फलकापुरता लिहायचा. मी नट-बोल्ट आवळणारा माणूस, मला कसला इतिहास येतो? तरी लिहिला. आधी तोफखान्याची चिमुकली विमानं होती, गोळा कुठे पडला ते वरून बघून सांगायची. मग काचेच्या फुग्यासारखी पहिली हेलिकॉप्टरं आली. मग बाबांच्या वेळची, एका इंजिनाची, डोंगरातून जखमींना खाली आणणारी. पुढे आमचं दल तोफखान्यापासून वेगळं झालं, आणि आता दोन इंजिनांची, शस्त्रं लावलेली नवी धुडं आलीत. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "अहो, हे फार घरगुती झालंय."

दुसरं काम म्हणजे बाबांचं हेलिकॉप्टर रंगवून फाटकाजवळच्या चौथऱ्यावर चढवायचं. हो, तेच. ज्यात उडता उडता बाबांचं हृदय थांबलं आणि शेजारच्या सहवैमानिकाने एक ओरखडा न येऊ देता ते खाली उतरवलं. जुन्या फोटोत बाबा शेपटीला टेकून उभे आहेत ना, समितीने त्या शेपटीवरचा नंबर वाचला, त्या नंबरचं यंत्र शोधलं आणि माझ्या ताब्यात दिलं. पडदा आईच्या हातून बाजूला व्हायचाय. तिने त्यासाठी नवा चष्मा केलाय.

मी आपला रंग खरवडत होतो. ताई, शेपटीवर नंबर रंगवलेला असतो खरा, पण यंत्राची जन्मखूण म्हणजे केबिनमध्ये ठोकलेली धातूची पट्टी. त्या पट्टीवरचा नंबर वेगळाच निघाला. आधी मी चष्मा पुसला, मग पट्टी पुसली. शेवटी आमच्या वर्कशॉपच्या निवृत्त उस्तादांना फोन लावला.

"अरे, तेव्हा सुट्या भागांची बोंब होती," ते म्हणाले. "एकाची शेपटी चेपली. तुझ्या बाबांचं इंजिनासाठी उभंच होतं, त्याची काढून लावली. वरचा नंबर बदलायचा राहिला, तो राहिलाच."

"मग माझ्यासमोर आहे ते कुणाचं?"

"शेपटी बाबांच्या यंत्राची, धड दुसऱ्याचं. बाबांचं धड उडतंय की अजून! मागाहून नवी शेपटी लागली, डोंगरातल्या तुकडीत आहे."

साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "निम्मं तर आहे ना? चौथरा बांधून झालाय, आता गप्प बसा." गप्प बसायचं तर बसतो, पण डोक्यात भुंगा लागला तो लागलाच. बाबांचं म्हणायचं कुणाला? ज्याला टेकून ते फोटोत हसले त्या शेपटीला, की ज्यात त्यांनी शेवटचा श्वास घेतला त्या केबिनला? इतकी वर्षं या यंत्रांच्या पोटात हात घालतोय, पण मला हे काही केल्या कळत नाहीये. आईने परक्या केबिनवरून हात फिरवायचा आणि मी शेजारी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, एवढं मात्र माझ्याच्याने होणार नव्हतं.

म्हणून काल सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. वाटलं, रडेल. तर मला म्हणते,

"म्हणजे ते अजून उडतंय?"

"उडतंय."

"माणसं आणतंय खाली?"

"परवाच एका बाळंतिणीला आणलं, बर्फातून."

तिने पुढची जुडी ओढली, देठं खुडली. मग म्हणाली, "यांच्या जागेवर कोण बसतं रे आता?"

ताई, इथवर पत्र लांबवलं ते इथे यायला नको म्हणून. त्या तुकडीत बिट्टी आहे. बाबांच्या जागेवर, उजव्या बाजूला, तुझी लेक बसते. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. 'मामा, हेच यंत्र सगळ्यांत शहाणं आहे' असं मला मागे एकदा म्हणाली होती, तेव्हा मी नुसता हसलो होतो.

या घरातलं दुसरं कुणी वैमानिकाच्या जागेवर बसणार नाही, असं तू म्हणालीस. ती बसली, तर तू तिच्याशी बोलणं टाकलंस, आणि आईला सांगितलंस की नात दलाच्या ऑफिसात फायली सांभाळते. तुझी भीती मला कळते गं. त्या दिवशी दारात बाबांची टोपी घेऊन आलेल्या माणसाला तू सामोरी गेलीस, मी नाही. पण मला बिट्टीचंही पटतं, त्यावरच तू माझ्यावर रागावलीस, आणि आईकडे बघितलं की कुणाचंच पटत नाही.

मी आईला एवढंच म्हणालो, "एक मुलगी असते. तरुण आहे. हुशार आहे."

तर आई म्हणाली, "तिला घरी जेवायला घेऊन ये. मला तिला जवळून बघायचंय. आणि तिच्या आईलाही बोलाव. एवढ्या काळजाची बाई कोण, तेही बघायचंय."

मी बिट्टीला कळवलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "मामा, मी रविवारी येते. पण आजीसमोर खोटं बोलणार नाही."

मी आईला रविवार कळवलाय. तिने तीन पाहुण्यांची ताटं आत्ताच बाजूला काढून ठेवलीत. तिसरं कुणाचं विचारलं, तर म्हणाली, "तिच्या बाबांचं."

भावोजींना घेऊन ये, ताई.

तुझी वाट बघणारा,
धाकटा