दमायच्या आधी चालायचं

प्रिय लांदी,

हॉटेलातले जिने चढून-उतरून तुझ्या टाचा धरल्यात, असं चारीच्या सुनेकडून कळलं. ती आता तुझ्याच मजल्यावर कामाला आहे ना, म्हणून तुझी खबरबात मला तिच्या तोंडून ऐकावी लागते. मी फोन केला की तू "मावशी, ड्युटीवर आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. ते मध्येच तोडता येत नाही. चारीची सून रविवारी परत निघते आहे, तिच्याजवळ हे पत्र आणि भोपळ्याच्या बियांच्या वड्या देते. वड्या आधी खा, मग वाचायला बस, कारण मी लिहायला बसले की थांबत नाही हे तुला माहीत आहे.

बातमी अशी की यंदा संत इसिद्रोची ज्योत तुझ्या मावशीने आणली. हो, मीच. साखरेच्या गोळ्या खाणारी, गुडघे धरून उठणारी. समुद्राकाठच्या देवळातून रात्रभर पोरांनी आळीपाळीने आणली, आणि सकाळी उशिरा घायपाताच्या जुन्या कारखान्यापासून पुढचा शेवटचा टप्पा आम्ही नवसवाल्यांनी धरला. तोच टप्पा, तोच मे महिना, तेच डोक्यावरचं ऊन. गेल्या वर्षी त्याच वाटेवर, गावच्या फाट्याजवळ, आईसाठी नवसाला पळताना तू पडलीस. आणि ऑगस्टमध्ये ताईला, तुझ्या आईला, पोचवून तू जी गेलीस ती गेलीस. का येत नाहीस ते सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि कोणी तोंडाने बोलत नाही. मी बोलणार आहे, पण आधी माझी कहाणी ऐकून घे.

ताई गेल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला दम दिला, रोज चाला नाहीतर बहिणीच्या मागोमाग जाल. मग मी पहाटे घायपाताच्या रस्त्याला लागले. एक दिवस दगडी कुंपणावरून कुणाचा तरी कुत्रा माझ्या अंगावर आला आणि मी इपिलचा घोळ वर धरून पळत सुटले. कुत्रा कंटाळून परत गेला, मी आपली पळतेच आहे. पळता पळता लक्षात आलं की अगं, विजेचे तीन-चार खांब मागे पडले आणि मी अजून जिवंत आहे. मग मात्र श्वास असा अडकला की कुंपणावर बसून राहिले आणि उन्हं वर आली तरी उठवेना. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज कुत्र्याशिवाय बघू. पुन्हा तेच, पळायचं, मोडून पडायचं, बसायचं.

यातली गोम मला बऱ्याच दिवसांनी कळली. मी दमल्यावर चालत होते, आणि दमल्यावर चालून काही उपयोग नसतो. अंग एकदा रुसलं की चालण्याने समजूत पटत नाही त्याची. दमायच्या आधी चालायचं. पाय म्हणत असतात की अजून जाऊ, तेव्हाच त्यांना आवरायचं. तीन खांब पळायचं, एक खांब चालायचं, आणि हे अगदी पहिल्या तीन खांबांपासून, जेव्हा चालायची लाज वाटते तेव्हापासूनच. असं केल्यावर मी कारखान्यापर्यंत जाऊन आले आणि घरी येऊन स्वतः पीठ मळलं. चारीने माझा छळ मांडला होता. रोज सकाळी पिठाच्या गिरणीच्या दारात उभी. मी पळत असले की विचारायची, कोण मागे लागलंय गं या वयात? चालत असले की म्हणायची, काय, सोडून गेला वाटतं? मी तिला पळता पळता उलट शिव्या देत असे, आणि त्याचाही मला उपयोग झाला. शिवी पुरी तोंडातून निघाली तर वेग बरोबर. अर्ध्यात श्वास तुटला तर हळू व्हायचं.

एप्रिल लागला, शेतं जाळायला घेतली, आकाश धुराने पिवळं झालं, आणि मी पहाटेचं जाणं सोडून मुद्दाम उन्हात जायला लागले. तुझे मामा म्हणाले, हिचं डोकं फिरलं. पण ज्योत काही पहाटे गावात येत नाही, येते ती भर दुपारी, मग अंगाला दुपार ओळखीची नको का? पहिल्या दिवशी उन्हात फक्त थोडं, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं जास्त. उन्हात तीन खांबांचा हट्ट धरायचा नाही, दोन पळायचे, एक चालायचा, आणि वारा पडलेला असेल तर एकास एक. हॅटखाली ओलं फडकं. मक्याचं पीठ पाण्यात कालवून मीठ घालून बाटलीत, आणि तहान लागायची वाट न बघता दर चालण्याला दोन घोट. दोन-तीन आठवड्यांत अंग शहाणं झालं. घाम लवकर यायला लागला, पातळ यायला लागला, डोकं ठणकायचं थांबलं.

आणि मग ती विहिरीची गोष्ट. एका दुपारी मी इतकी तापले होते की घरी येऊन, काही विचार न करता, विहिरीचं गार बादलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. ओतल्यावर भान आलं. तुझ्या आजीने, तिच्या आईने, सगळ्यांनी हेच शिकवलं ना, की तापलेल्या अंगावर गार पाणी घेतलं तर पास्मो बसतो, तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो. मी संध्याकाळपर्यंत आरसा हातात घेऊन बसले होते, तोंड वाकडं होतंय का बघत. मामा विचारत होते, नटतेस कोणासाठी? तोंड होतं तसंच राहिलं, जे काही आहे ते. उलट इतकं बरं वाटत होतं की मी पोटभर जेवले. आणि घास तोंडात असताना मला तू दिसलीस. फाट्यावरच्या झाडाखाली पडलेली, कातडी कोरडी, चटका बसावा इतकी गरम, आणि आम्ही सगळ्या बाया तुझ्याभोवती. कोणी टॉवेल गुंडाळतंय, कोणी कोमट पाणी पाजतंय, वारा लागू नये म्हणून आम्ही अंगावरच्या शाली आडव्या धरून उभ्या. आणि मागच्या ट्रकमध्ये बँडवाल्यांच्या बाटल्यांसाठी बर्फाची लादीच्या लादी. हात लांब केला तर मिळणारी. कोणी हात लांब केला नाही, पोरी, प्रेमाने केला नाही. तुझं तोंड वाकडं होऊ नये म्हणून आम्ही तुला तशीच जळू दिली.

मंडळाच्या बैठकीत मी नवसवाल्यांत नाव दिलं तेव्हा हासिंतो काका मिशीतल्या मिशीत हसले. ते मंडळाचे प्रमुख, तिसांहून जास्त ज्योती त्यांच्या डोळ्यांसमोर आलेल्या. म्हणाले, एर्मिला, नाव लिहितो, पण नियम माहीत आहे ना, ज्याच्या हातात ज्योत तो चालला तर नवस मोडला. मी म्हटलं, लिहा तुम्ही. बर्फाचं काय करायचं ते मी ट्रकवाल्याशी परस्पर बोलून ठेवलं. त्याची बायको माझं काही देणं लागत नाही, पण माझ्या हातचं डुकराचं मटण, कोचिनिता, तिला फार आवडतं.

त्या दिवशी कारखान्यापासून आम्ही निघालो आणि सगळे हरणासारखे सुटले. काका सगळ्यांत पुढे, पोरासारखे, कारण यंदा त्यांचाही नवस होता, नातवाच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे ना म्हणून. मी तिसऱ्या खांबाला चालायला लागले. ट्रकवरच्या पोरांनी भोंग्यावरून ओरडून घेतलं, मावशी झोपल्या, मावशी झोपल्या. मी हात केला त्यांना. पुढे ऊन चढलं तसतशी एकेक माणसं रस्त्याच्या कडेला कुंपणाला टेकलेली दिसू लागली, कालच्या हारांसारखी मान टाकून. त्यांना ओलांडून मी पळतेय, चालतेय, पळतेय. ज्योत माझ्या हातात आली तेव्हा निम्मी वाट उरली होती. मी ज्योत घेऊन दोन खांब पळाले, आणि चालायला लागले.

ट्रक थांबला. बँड थांबला. काका पुढून परत आले, तोंड लालभडक झालेलं, आणि म्हणाले, "एर्मिला, संताची ज्योत चालत नाही."

मी चालणं थांबवलं नाही. चालता चालताच म्हटलं, "काका, आपला संत शेतकरी होता की घोडेस्वार? नांगर सोडून तो बांधावर प्रार्थनेला बसायचा, आणि तोवर देवदूत त्याचे बैल हाकायचे. त्याच्या मालकाला राग आला होता. संताला नाही. तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

ट्रकवर एकजण फिस्सकन हसला. काका वळले, आणि राग पायांत उतरल्यासारखे पुन्हा पुढे पळत गेले. मी खांब मोजत माझ्या चालीने आले. आणि फाट्याच्या थोडं अलीकडे, बघते तर काका रस्त्याच्या मधोमध उभे, डुलतायत. मी जवळ जाऊन हात लावला. कातडी कोरडी, भाजणारी. विचारलं, काका, नातवाचं नाव काय, तर ते माझ्याकडे बघत राहिले. मी ज्योत शेजारच्या पोराच्या हातात दिली आणि बर्फ मागितला. काकांची बायको किंचाळली, मारशील त्यांना, पास्मो बसेल. मी म्हटलं, तोंड वाकडं झालं तर माझ्यासारखं होईल, त्याहून वाईट काय? बर्फ, बर्फाचं पाणी, काखेत, मानेवर, डोक्यावर, सगळा ट्रक रिकामा केला. बँडवाले आपल्या कोमट बाटल्यांकडे बघत राहिले. हळूहळू काकांचे डोळे जागेवर आले आणि त्यांनी नातवाचं नाव सांगितलं. त्यांना सावलीला ट्रकमध्ये झोपवलं, वर ओलं फडकं टाकलं, एकाला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं, आणि मी ज्योत घेऊन पुढे निघाले. पळत, चालत.

देवळासमोर सगळं गाव होतं, पण टाळ्या कोणी वाजवेना. डॉक्टरीणबाई ट्रकमध्ये चढून काकांना तपासून उतरल्या, काळजी नाही म्हणाल्या, तरीही नाही. लोकांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, कारण गेल्या वर्षीही असंच झालं होतं. काका पडले, म्हणजे नवस मोडला. म्हणजे नातवाचे डोळे गेले. काकांची सून त्या पोराला छातीशी धरून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. काका उठून बसले, ट्रकच्या फळीला धरून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, माझा नवस पुरा झाला. मी होतो तेवढा आणला, पुढचं दुसऱ्यांनी आणलं, संताला चालतं. सुनेने पोराचा मुका घेतला. आणि मी, ज्योत अजून हातात, घामाने निथळत, विचारलं, "मग लांदीचा?"

काकांनी डोक्यावरचं ओलं फडकं काढलं. म्हणाले, "तिचाही. तेव्हाच झाला होता. आम्हाला कळायला वर्ष लागलं." आणि मग ते रडले, लांदी. टाळ्या त्यानंतर पडल्या.

आता ऐक. तुझ्या पडण्याने ताई गेली नाही. तिची मूत्रपिंडं तू नवस बोलायच्या आधीच थकली होती. फेब्रुवारीत डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं आणि ताईने मला तुला सांगू दिलं नाही, कारण तू पळायला लागली होतीस आणि तुझ्या तोंडावर इतक्या दिवसांनी तेज आलं होतं. ती खाटेवरून तुझे पाय चेपून द्यायची आठवतं? ते सुख तिला नवसानेच दिलं. संत काही दुकानदार नाही, की माल पोचला नाही म्हणून जीव परत घेईल. हे मी तुला फोनवर सांगू शकले असते, पण तू मान्य केलं नसतंस. म्हणून आधी वाट चालून आले, गावाच्या तोंडून वदवून घेतलं, आणि मग लिहायला बसले. सगळ्यांनी विचारलं, एर्मिला, तुझा नवस काय होता? साखर उतरू दे? मी कोणाला सांगितलं नाही, तुला सांगते. तू घरी यावीस एवढाच होता. माझ्याकडून मी आणायचं ते आणलं, पुढचं तुझ्याकडे आहे. सुट्टी मिळेल त्या दिवशीची सकाळची बस धर आणि फाट्यावर उतर. मी तिथे उभी असेन. तिथून घरापर्यंत आपण दोघी चालतच येऊ.

तुझं ताट मांडून बसलेली,
तुझीच,
एर्मिला मावशी