मागचा डावा कोपरा

४ मार्च

अवकाळी पावसात गादी भिजली! नवी कोरी, दुहेरी. पिकअपच्या हौद्यावरचं कव्हर मागच्या डाव्या कोपऱ्यात नीट बसतच नाही – बोट आत जाईल एवढी फट. दुकानाच्या शेठनी गादीवर हात दाबला, पाणी वर आलं. म्हणाले, "बाई, मी गाद्या विकतो, स्पंज नाही. पुन्हा असं झालं तर दुसरी गाडी बघीन."

घरी आले ती फणफणतच. आणि बाबा अंगणात आले! डोळे अधू झाले, त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, तेव्हापासून नुसते भिंतीकडे तोंड करून बसतात. आज आपणहून पान्यांचा डबा काढला. कव्हरची बाजूची पट्टी सरकली होती, ती धरून ठेवणारे क्लॅम्प सैल झाले होते. बाबांनी चाचपून चाचपून पट्टी जागेवर आणली, नट आवळले. कव्हर असं ताठ बसलं की टिचकी मारली तर वाजावं.

७ मार्च

पुन्हा तीच फट! बाबा म्हणाले, "रस्त्याच्या हादऱ्यांनी होतं." परत आवळून दिलं.

१० मार्च

हादरे? काल गाडी जागची हललीसुद्धा नाही. तरी आज तोच कोपरा सैल!

समोरच्या वेल्डरचा संशय येतोय. गाडी विकायची का, म्हणून दोनदा विचारून गेलाय. आज मुद्दाम विषय काढला. तो हसला – "ताई, मला घ्यायचीय ना गाडी? मग मीच कशाला खिळखिळी करू?"

पटलं. आणि पटलं म्हणूनच चिडले.

११ मार्च

क्लॅम्पच्या नटावर नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवलीय. नट फिरला की रेघ तुटणार. कुणाला सांगितलेलं नाही.

१२ मार्च

रेघ तुटली. फाटकाला आतून कुलूप होतं.

म्हणजे घरातलंच माणूस. आईला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नाही. मग उरलं कोण?

लिहायला हात धजत नाही. पण किल्ली देताना बाबा जे बोलले होते, ते आता वेगळंच ऐकू येतंय – "जमेल ना तुला?" मला जमू नये, असंच वाटतंय का त्यांना? गाडी मी चालवतेय हे सलतंय? आणि वर मीच बोलवायचं, त्यांनीच दुरुस्त करायचं, मी "बाबा, तुम्ही होतात म्हणून" म्हणायचं! छान.

१४ मार्च

निघताना कोपरा चाचपला होता, घट्ट वाटला. अर्ध्या रस्त्यात पट्टी सरकली, वरून पावसाची सर, गादी पुन्हा भिजली. शेठ ओरडलेसुद्धा नाहीत. "सोमवारपासून येऊ नका. कळवतो," एवढंच.

जेवताना मी फुटले. "बाबा, तुम्हीच सैल करता ना ते?"

आईचा घास हातातच राहिला. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते. मग म्हणाले, "असेल."

असेल! नाही म्हणाले असते तर भांडले तरी असते.

१५ मार्च

बाबा अंगणात फिरकले नाहीत. पुन्हा भिंत. नट मीच आवळले.

१७ मार्च

शेठच्या पाया पडायचं ठरवून पायीच निघाले होते. कोपऱ्यावर लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. परत फिरले तर – हौद्यात आई! उकिडवी बसलेली, पदर खोचलेला, हातात पाना.

"तू?"

ती एवढी दचकली की पाना पडला. मग तिथेच, हौद्यात बसून रडायला लागली. "ते उठतच नव्हते गं. जेवायला वाढलं की जेवायचे, बस. कव्हर बिघडलं त्या दिवशी त्यांनी आपणहून दाढी केली. मला वाटलं, रोज जरासं बिघडलं तर…"

"आणि माझी गादी? माझं काम?"

"पुन्हा पाऊस येईल असं वाटलंच नाही गं मला."

राग आला, खूप आला. आधी तिला हात देऊन खाली उतरवलं. बाबांना सांगणार नाही, असं वचन घेतलं तिने माझ्याकडून. मग शेठकडे गेले. एक फेरी देऊन बघतो म्हणाले.

१८ मार्च

बाबांना म्हटलं, "चुकलं माझं. तुम्ही नव्हतात." कोण होतं ते सांगितलं नाही.

ते क्लॅम्पवर बोट फिरवत होते. म्हणाले, "आईला सांग, नट पूर्ण काढत जाऊ नकोस, आटे झिजतात." मग नट चाचपत – "नको, सांगू नकोस. तिला वाटतंय, मला ठाऊक नाही."